झाकणावरचा दगड

त्या घरात झाकण उचलायला बंदी होती. घरातली इतर बंधनं पाळली काय, न पाळली काय, कुणी विचारत नसे. पण चुलीवरच्या पातेल्याचं झाकण शिजण्याआधी उचललं, तर त्या माणसाची खैर नसे.

बंदीमागे कारण होतं. इतक्या उंचीवर पाण्याला उकळायची भारी घाई. चुलीवर ठेवलं नाही तोच बुडबुडे सुरू. पण नुसता थयथयाट, काम शून्य. खाली सपाटीवर दीड तासात लोण्यासारखा मऊ होणारा घेवडा इथे चार चार तास खड्यासारखा राहतो. म्हणून जड झाकण, झाकणाच्या कडेने कणकेची वळी, एका जागी बोटभर फट, आणि वर नदीतून आणलेला पायलीएवढा गोल दगड. झाकण उचललं की कोंडलेली वाफ गेली आणि वाफेबरोबर तासाभराचं सरपण गेलं. मग आत शिजलंय की नाही हे कळायचं कसं? त्या फटीतून येणाऱ्या वासावरून. आणि तो वास साऱ्या वस्तीत एकाच नाकाला कळत असे. ते नाक वन्संचं.

वन्संच्या भाचीने शहरातून प्रेशर कुकर पाठवला होता. वन्संनी त्यात बटणं ठेवली.

वन्सं म्हणजे मुकादमांची थोरली बहीण. मुकादम घाटरस्त्यावर दरडी उपसणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांची आई गेली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि ताई एकोणीस. आईला पोहोचवून माणसं परत येईस्तोवर ताईने चूल पेटवली होती. त्या दिवसापासून चूल तिची. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, चुलीपासून दोन दिवस लांब राहिली नाही. चुलीकडे पाठ करून ती भाजी निवडत बसे आणि मधेच, मान न वळवता, म्हणे, "झालं. उतरवा." झाकण काढावं तर घेवडा असा शिजलेला, की दाणा अख्खा आणि जिभेवर ठेवताच विरघळलेला. वस्तीतले लोक तिच्या नाकाच्या गोष्टी सांगत. काही खऱ्या होत्या.

ही गोष्ट मात्र तिची नाही. ही तिच्या भावजयीची, मातीवालीची.

मातीवाली हे नाव तिला वन्संनीच दिलं. लग्न होऊन आल्याला तिसरा दिवस. नवी नवरी चुलीपाशी एकटीच होती, पातेलं खदखदत होतं आणि माहेरी सपाटीवर तिने जे केलं असतं तेच तिने इथे केलं. दगड बाजूला ठेवला, झाकण उचललं आणि डावाने ढवळलं. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी फडक्याने पातेलं धरून उचललं, मागच्या दाराने बाहेर नेलं आणि नऊ माणसांचं जेवण शेजारपाजाऱ्यांच्या देखत खालच्या वाफ्यात ओतून दिलं. मग परत येऊन म्हणाल्या, "माझ्या चुलीत हात घालू नकोस आणि बोलू तर अजिबात नकोस. माती वर नेता येते का?" आणि रिकामी टोपली तिच्या पायाशी टाकली. सगळे हसले. नवरा सगळ्यात जोरात हसला.

माती वर नेणं हे तिथलं वर्षाचं काम. घरामागे डोंगर कोरून केलेले तीन वाफे, एकावर एक, दगडी बांधांनी धरलेले. पावसाने आणि वितळत्या बर्फाने वरची माती हळूहळू खाली सरकते आणि वर्षाअखेर खालच्या बांधाला ढीग लावून बसते. ती टोपल्यांत भरायची, पाठीवर घ्यायची आणि सत्तर पायऱ्या चढून परत वर टाकायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा खाली येते. मुकादमांना मदत मागितली की म्हणत, "दिवसभर सरकारची माती उपसतो, घरी आल्यावर पण मातीच?" हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि सत्तावीस वर्षांत तो त्यांना एकदाही जुना वाटला नाही.

तर सत्तावीस वर्षं तिने माती वर नेली. आणि नुसती नेली नाही. मधल्या वाफ्यावर उन्हं सगळ्यात उशिरा जातात हे तिने हेरलं आणि घेवडा तिथे हलवला. थंडीचा कडाका पडला की ती नवऱ्याचे जुने खात्याचे कोट रोपांवर पांघरी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, रस्त्याची टोळीच्या टोळी वाफ्यात पालथी झोपलीय. बर्फात कोबी टिकावा म्हणून तिने बांधाच्या पोटात खड्डा खणला आणि फेब्रुवारीतसुद्धा घरात हिरवं पान खायला घातलं. घेवड्याचं बी ती दरवर्षी स्वतः निवडी. सगळ्यात उशिरा फुलणारा, पण थंडीला न डरणारा वेल शोधून त्याचंच बी ठेवी. पंधरा वर्षांनी तो घेवडा असा झाला, की लोक एकेक मूठ बी मागायला येत. वन्सं देत. वन्संच देत, आपलं असल्यासारखं.

जेवणाच्या वेळी लोक म्हणत, "ताई, काय घेवडा झालाय!" मुकादम म्हणत, "ताईचा हात!" लेक फोनवर विचारी, "आत्याने आज काय केलं?" आणि वन्सं पानात बघत म्हणत, "कोबीत माती राहिली होती थोडी. मी धुतला परत."

मातीवालीला फार काही नको होतं. चूलही नको होती, निदान सुरुवातीला तरी. तिला एवढंच हवं होतं, की एकदा, चारचौघांत, वन्संनी म्हणावं, छान आहे. हिचं आहे आणि छान आहे. दुसऱ्या कुणी म्हणून भागत नव्हतं. शेजारची शिवणवाली येता-जाता म्हणे, "तुझ्या हाताला गुण आहे हो," तर ते हिच्या कानावरून जाई. ज्या तोंडाने मातीवाली म्हटलं, त्याच तोंडाने छान म्हणायला हवं होतं. माणूस नेमका तिथेच हात पसरतो जिथून काही मिळणार नसतं, त्याला कोण काय करणार!

सत्ताविसाव्या वर्षीच्या थंडीत वन्संना ताप आला. पहिल्यांदाच आठ दिवस अंथरुणाला खिळल्या, नवव्या दिवशी उठून चुलीपाशी बसल्या. चेहरा तोच, हुकूम तेच. पण मातीवालीच्या लक्षात आलं, की घेवडा एकदा किंचित कच्चा निघाला आणि दोनदा गाळ झाला. मुकादम म्हणाले, "आजारातून उठलीय, होतं असं." मातीवालीला शंका आली होती आणि शंका तिने पोटात ठेवली, मायेने, जपून.

मग तिने पारख केली. बटाट्याच्या ढिगात तळाशी चार बटाटे नासून पाणी झाले होते. नासक्या बटाट्याच्या वासाने माणूस घराबाहेर पळतो. तिने ते टोपलीत घातले, वर फडकं टाकलं आणि टोपली वन्संच्या स्टुलाखाली सरकवली. वन्सं त्यावर बसून कांदे चिरत राहिल्या. एक दिवस. दोन दिवस. मुकादम कामाच्या गडबडीत दारातच जेवून जात. "काहीतरी मेलंय वाटतं भिंतीत," एवढंच म्हणाले. मातीवाली लाकडं आणायच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा आत येई आणि बघे. त्या वासात ताठ मानेने बसलेली ती बाई बघून तिला जे वाटत होतं, ते चांगलं नव्हतं. पण ते सुख नव्हतं, असं खोटं बोलण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी वन्संचा पाय टोपलीला लागला. वाकून त्यांनी फडकं उचललं. आतला काळा रबरबाट बघितला, मग दारात उभ्या भावजयीकडे बघितलं.

"कधीपासून कळलंय तुला?"

"दोन आठवडे."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

वन्संनी फडकं परत टाकलं. आवाज पूर्वीचाच. "काहीच येत नाही. ना धूर, ना कांदा. तोंडात घातलेलं सगळं भिजल्या कापडासारखं लागतं. त्याला कळलं तर तो मला या स्टुलावर बसवून ठेवेल, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं. मी मरेन." मग थांबून म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या शेजारी उभी राहा. मी सांगते कसा वास कधी येतो. आला की हळूच सांगायचं. कुणाला कळता कामा नये."

ही विनवणी होती. पण वन्संना हुकमाशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून ती हुकमासारखी बाहेर पडली. मातीवालीने मान हलवली.

त्यानंतरचे पाच महिने मातीवालीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे ती पुढे कधी कबूल करणार नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो. वन्सं खालच्या आवाजात शिकवत, "आधी ओल्या मातीसारखा येईल. तो सोडून दे. मग शेंग मोडल्यासारखा, कच्चट. तोही सोड. मग एकदम काहीच येणार नाही, वाटेल चूल विझली. तेव्हा घाबरायचं नाही. त्यानंतर गोडसर, ताज्या पावासारखा. तो आला की वीस मोजायचे आणि उतरवायचं. एकवीस नाही." मातीवाली फटीजवळ नाक नेऊन उभी राही. नाक तिचं चांगलंच होतं. सत्तावीस वर्षं मातीचा वास घेत होतं ते. आला की ती म्हणे, "आता." वन्सं वीस मोजत आणि मोठ्याने हाक देत, "झालं! उतरवा!" घेवडा पूर्वीसारखा होऊ लागला. पूर्वीपेक्षा चांगला, असं मुकादम म्हणाले.

"ताई, आजाराने तुझा हात उलट सुधारला!"

वन्सं हसल्या. मातीवालीने त्यांच्याकडे बघितलं. वन्सं पावाचा तुकडा मोडत होत्या.

एकदा शिवणवालीने विचारलं, "ही हल्ली आत कशी? बागेला रजा दिली का?" वन्सं म्हणाल्या, "लाकडं सरकवायला ठेवलीय. मला वाकवत नाही." दुसऱ्या माणसासमोर दुसरं काय सांगणार होत्या, हे मातीवालीला समजत होतं. समजत असलेली गोष्टसुद्धा लागायची ती लागतेच.

जूनअखेरीस मुकादम निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांची नोकरी. टोळीतली सगळी माणसं, खालच्या कचेरीतले साहेब, मिळून बावीस पानं. जेवण अर्थात घेवडा. घराच्या चुलीवर एवढं मोठं पातेलं मावेना, म्हणून मागे वाफ्यांच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये दगडांची चूल मांडली. पाहुणे पुढच्या अंगणात, घराच्या पलीकडे बसणार होते.

आदल्या दिवशी दोघी दाणे निवडत होत्या. मातीवालीने खूप दिवस मनात घोळवलेलं एक वाक्य बाहेर काढलं. "वन्सं, एक मागू? उद्या साहेबांसमोर एवढंच म्हणा, की घेवडा हिने पिकवलाय. स्वयंपाकाचं काही नको. फक्त पिकवलाय म्हणा."

वन्संनी एक डागी दाणा बाजूला टाकला. "लोक जेवायला येतायत. बाग बघायला नाही."

"एक वाक्य आहे, वन्सं."

"बघू."

बघू! पाच महिने जिच्या नाकावर या बाईची अब्रू उभी होती, तिला बघू. तरी मातीवाली रात्रभर त्या एका शब्दावर आशा लावून होती. नाही असं तर म्हणाल्या नव्हत्या ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच पातेलं चढलं. वळी लावली, दगड ठेवला. साडेअकराला मुकादम साहेबांना घेऊन मागे आले. धुतलेला शर्ट, चेहरा उजळलेला. "साहेब, ही माझी ताई. हिनेच वाढवलं मला. झाकण न उचलता नुसत्या वासावर सांगते, शिजलं की नाही. आख्ख्या डोंगरात असं नाक नाही."

साहेब शहाणे आणि सभ्य. त्यांनी हात जोडले, मग शेजारी उभ्या बाईकडे बघितलं. "आणि या?"

मुकादम उत्तर द्यायला तोंड उघडत होते. वन्सं आधी बोलल्या. "ही होय? ही आमची मातीवाली."

टोळीतले दोघे मागे उभे होते, ते हसले. मुकादम हसले. साहेबांना काय हसायचं ते कळलं नाही, तरी शिष्टाचार म्हणून तेही हसले. आणि सगळे पुढच्या अंगणात निघून गेले.

वन्संच्या मनात काही वाईट नव्हतं. सवयीने निघून गेलं तोंडातून. पण सत्तावीस वर्षांची सवय दुसऱ्याच्या अंगावर किती जड झालीय, हे सवय लावणाऱ्याला कधी कळत नाही. मातीवालीने दोन लाकडं सरकवली आणि फटीजवळ जाऊन उभी राहिली.

साडेबाराला ओल्या मातीचा वास गेला. मग कच्चट आला, गेला. मग काहीच नाही. मग आला, गोडसर, ताज्या पावासारखा, इतका सुंदर की क्षणभर तिला सगळ्याचा विसर पडला.

वन्संनी डोळ्यांनी विचारलं.

"अजून नाही," मातीवाली म्हणाली.

हे शब्द तिने ठरवले नव्हते. पण ते बाहेर पडले आणि एकदा पडल्यावर तिने ते मागे घेतले नाहीत. वीस झाले. शंभर झाले. वास जड झाला, मग कडेने खरपूस झाला. वन्सं पुन्हा बघत होत्या.

"अजून नाही, वन्सं. कच्चट येतोय."

"आज जास्त वेळ लागतोय."

"पातेलं मोठं आहे."

"हं," वन्सं म्हणाल्या आणि निश्चिंत बसल्या. लहान मूल आईच्या भरवशावर बसतं तशा. हे मातीवालीने बघितलं. बघूनही तिने आणखी एक लाकूड आत सरकवलं.

खाली लागलं. आधी हलकासा करपट वास, मग तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. दुपारी वारा दरीतून वर चढतो, त्यामुळे सगळा धूर वाफ्यांवरून डोंगराकडे जात होता आणि पुढच्या अंगणात पंधरा-वीस मिनिटं कुणाला पत्ता नव्हता. फटीतून येणारी वाफ पिवळसर झाली. ती वन्संना दिसली असती, पण त्या चुलीकडे पाठ करून बसल्या होत्या. नेहमीसारख्या. लोकांनी आयुष्यभर ज्याचं कौतुक केलं, तसंच.

मग वारा फिरला.

आधी मुकादम धावत आले, मागोमाग टोळी, मागून साहेब. त्यांनी जे बघितलं ते त्यांच्यातला कुणी विसरला नाही. शेड करपटलेल्या वासाने भरून गेलेली, पातेल्याच्या कडेने काळा धूर, आणि दोन हातांवर ताई स्टुलावर बसून मुळे चिरतेय. शांत. इतकी माणसं बघून तिने वर पाहिलं आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "भूक लागली का? थांबा थोडं. अजून कच्चं आहे."

मुकादमांनी दगड हातानेच ढकलला, बोटं भाजली, झाकण उडवलं. आत वरचा थर करडा आणि खाली नुसता कोळसा.

"ताई," मुकादम म्हणाले, "तुला वास येत नाही?"

वन्संनी पातेल्यात बघितलं. मग सावकाश मान भावजयीकडे वळवली.

मुकादमांनीही बायकोकडे बघितलं. "आणि तू? तू इथेच उभी होतीस ना? तुला तरी कळायला नको?"

मातीवालीच्या हाताशी खरं होतं, ते सांगता आलं असतं. पण खोटं त्याहून जवळ होतं, तयार, वन्संनीच घडवून ठेवलेलं. "मी दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "वन्सं म्हणाल्या, माझ्या चुलीत बोलू नकोस."

यावर अविश्वास ठेवायचं कुणाला कारणच नव्हतं. हे वाक्य टोळीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं होतं. सगळे वन्संकडे बघू लागले.

वन्संना बोलता आलं असतं. पण बोलणार काय? की माझं नाक पाच महिन्यांपूर्वी गेलं, आणि तेव्हापासून तुम्ही बोटं चाटून खाल्लंत ते हिच्या नाकावर? की आजचा मान माझा नव्हता, कालचाही नव्हता? त्यांनी मुळ्याचे काप ताटात नीट एका ओळीत लावले.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले तसं."

पाहुणे पाव, कच्चा मुळा आणि लोणी खाऊन गेले. साहेब जाताना म्हणाले, "वय होतं, चालायचंच," आणि तेच सगळ्यात वाईट झालं. खालच्या वस्तीपर्यंत गोष्ट पोहोचायला दोन दिवस पुरले. पोरंसोरं एकमेकांना म्हणू लागली, थांबा थोडं, अजून कच्चं आहे.

संध्याकाळी मुकादम भाजलेल्या बोटांना फडकं गुंडाळून बहिणीसमोर बसले. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माणूस वाईट नव्हता, फक्त आयुष्यात त्याने कशाकडे नीट बघितलं नव्हतं. "ताई, आता पुरे. खूप केलंस. उद्यापासून ही बघेल." वन्सं उठल्या आणि कमरेचं फडकं सोडून खुंटीला अडकवलं. मातीवालीच्या हातात दिलं नाही.

चूल मातीवालीची झाली. आणि हातचं न राखता सांगायचं, तर ती छान करू लागली. शिकवणारी चांगली होती, नाक चांगलं होतं, घेवडा तर तिचाच. लोक जेवत आणि म्हणत, "अगदी ताईसारखं!" मुकादम म्हणत, "ताईचीच आठवण झाली." ताई समोर बसलेली असे. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला जमलं की गं आत्यासारखं!" मातीवालीने फोन ठेवून दिला.

पुढच्या वर्षी बर्फ वितळला आणि खालच्या बांधाला मातीचा ढीग लागला. मातीवाली चुलीत अडकलेली. तिने कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी फक्त टोपली आणून वन्संच्या स्टुलाजवळ ठेवली. वन्सं पासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी टोपली उचलली. दर दहा पायऱ्यांवर थांबत, बांधाला हात धरत त्या चढत राहिल्या. मातीवाली स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघे. एकदा तिथूनच म्हणाली, "अर्धीच भरलीत का?" शिवणवाली कुंपणापलीकडून बघत होती, तिच्याने राहवलं नाही. "अगं, म्हातारी आहे ती!"

"मी नवी नवरी होते," मातीवाली म्हणाली. "तेव्हा कुणी काही बोललं नाही."

असं सगळं मिळालं. एक गोष्ट सोडून. त्या दुपारनंतर वन्सं तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलल्या नव्हत्या. रागावलेल्या दिसत नसत. समोर आलेलं जेवत आणि वाडगा धुऊन ठेवत.

आणि मातीवालीला अजून तेच हवं होतं. लाज वाटत होती तिला स्वतःची, पण हवं होतं. आश्विनात नवा घेवडा आला. ताजा दाणा, नव्या मातीतला. त्या दिवशी गोड वास आल्यावर तिने वीस मोजले, एकविसावा मोजला नाही. मुकादम बाहेर गेले होते. घरात दोघीच. तिने वाडगा वन्संसमोर ठेवला आणि समोर बसली.

"कसं झालंय, वन्सं?"

वन्संनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग वर बघून, अगदी गोड आवाजात, म्हणाल्या, "छान झालंय हो."

मातीवालीच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं. अठ्ठावीस वर्षं! दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. "छान झालंय हो." तिसऱ्या दिवशी भात करपला होता, विचारलंही नव्हतं, तरी वन्सं म्हणाल्या, "छान झालंय हो." तोच आवाज, तेवढीच गोडी. चौथ्या दिवशी मीठ राहिलं होतं. "छान झालंय हो." आता मुकादमांसमोर, शिवणवालीसमोर, कुणीही असो, वन्सं प्रत्येक जेवणाला म्हणत, आणि मुकादम खूश होत, की चला, दोघींचं जमलं एकदाचं.

दहाव्या-बाराव्या दिवशी मातीवालीला ते सहन होईना. तिने घेवडा मुद्दाम चुलीवर ठेवून दिला. वीस नाही, दोनशे मोजले, मग मोजणं सोडलं. घरभर करपट वास पसरला तेव्हा पातेलं उतरवलं, तळ खरवडला आणि काळं निघालेलं वाडग्यात घालून वन्संसमोर आदळलं.

"सांगा. कसं झालंय?"

वन्संना वास येत नव्हता. डोळे शाबूत होते. त्यांनी वाडग्यात बघितलं. एक कोळसा झालेला दाणा बोटांनी उचलला, उजेडात धरून नीट निरखला आणि भावजयीच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकला. कुरकुर आवाज करत चावला. मग दुसरा. वाडगा संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या आणि वाडगा पुढे केला. "आणखी वाढ."

मातीवालीने वाढलं.